लाकडाला पान नसते

पाटण तालुक्यातले आमचे वडिलोपार्जित घर गेल्या फेब्रुवारीत उतरवले. पाडले असे मी म्हणत नाही. कौले, रिपा, वासे, आढे, तुळया आणि शेवटी खांब, असे ज्या क्रमाने कधीकाळी चढवले असेल त्याच्या उलट क्रमाने ते चार दिवसांत खाली आले आणि अंगणात लाकडांचा ढीग उरला. मागची भिंत दोन पावसाळ्यांपूर्वीच खचली होती आणि कोयनेच्या खोऱ्यातल्या पावसापुढे खचलेली मातीची भिंत फार काळ तग धरत नाही. नवे घर सिमेंटचे होणार होते. पण जुन्या लाकडातले काय ठेवायचे, काय विकायचे आणि काय बंबात घालायचे हे ठरवण्याचे काम चुलतभावाने माझ्यावर टाकले. "तू वनस्पतिशास्त्र शिकवतेस, तुलाच कळणार," हे त्याचे सरळ गणित होते.

ते गणित साफ चुकले. कराडच्या महाविद्यालयात मी बावीस वर्षे झाडे शिकवते आहे. विद्यार्थ्यांना घेऊन कोयना, चांदोली आणि कासच्या वाटा मी पुष्कळ तुडवल्या आहेत आणि पानांची मांडणी, पर्णिकांची संख्या, फुलांचा हंगाम, फळाचे पंख यांवरून झाड सांगण्यात मी सहसा चुकत नाही. पण धुराने काळ्या पडलेल्या, घुणाने कुठे कुठे पोखरलेल्या त्या एक्केचाळीस नगांपैकी मला खात्रीने दोनच सांगता आले. घर उतरवायला आलेले तात्या सुतार सत्तरीच्या पुढचे आहेत. ते ओट्यावर बसून माझी फजिती पाहत होते. मी तिसऱ्यांदा एका तुळईभोवती फेरी मारली तेव्हा ते म्हणाले, "पोरी, तू पान हुडकायलीस. लाकडाला पान नसतंय."

त्यांनी वाकसाने, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराने, तुळईचा एक कोपरा तासला, ढलपी हातात घेऊन नाकाशी धरली आणि मला दिली. काळ्या पुटाखालून पिवळसर तपकिरी, किंचित तेलकट लाकूड निघाले होते आणि त्याला जुन्या चामड्यासारखा वास होता. सागवान होते. शंभरेक वर्षे धुरात राहिलेल्या लाकडाचा वास आत तसाच्या तसा असेल, हे मला सुचलेही नव्हते. पुढचे दोन दिवस मी तात्यांच्या हाताखाली उमेदवारी केली. ते तासत, हुंगत, नखाने दाबत, हातात तोलत. मी कडेचा तुकडा ब्लेडने साफ कापून, ओला करून दहापट भिंगाखाली धरत होते. या दोन रीतींची सांगड घालताना जे हाती लागले, ते इथे लिहून ठेवते आहे.

सागापासूनच सुरुवात करणे सोयीचे, कारण त्याचे झाड आणि लाकूड दोन्ही आपली ओळख लपवत नाहीत. झाडाचे पान हातभर लांब आणि खरखरीत असते. कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होतो, ही खूण शाळेतल्या मुलालाही शिकवता येते. पावसाळ्यात शेंड्यावर पांढऱ्या बारीक फुलांचे मोठे तुरे येतात आणि पुढे फुगीर, कागदी आवरणातली फळे लागतात. अळ्यांनी हिरवा भाग खाऊन नुसत्या शिरांची जाळी ठेवलेली पाने दिसली तरी साग जवळपास आहे असे समजायला हरकत नाही. लाकडाच्या आडव्या छेदात भिंगातून पाहिले तर दर वर्षाच्या वाढीच्या आरंभी मोठ्या छिद्रांची एक रांग दिसते, मग छिद्रे बारीक होत जातात आणि पुढच्या वर्षाची रांग पुन्हा मोठ्या छिद्रांनी सुरू होते. आपल्याकडच्या इमारती लाकडांत इतके स्पष्ट वलय थोड्यांनाच असते. लाकडातल्या तेलामुळे वाळवी त्याला सहजी लागत नाही आणि पाण्याने ते फारसे फुगत नाही, म्हणून वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात जाते तेव्हा मी आता भित्तिचित्रांइतकाच वेळ खांब आणि तुळया पाहण्यात घालवते. आजच्या वखारीत मात्र 'साग' या एका शब्दाखाली बल्लारशाचा, ब्रह्मदेशाचा आणि आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीतला असा तऱ्हेतऱ्हेचा माल असतो. जात एकच असली तरी लवकर तोडलेल्या लागवडीच्या झाडात गाभा कमी आणि बाहेरचे पांढरे लाकूड जास्त निघते. वाळवी आणि भुंगा खातो ते हेच पांढरे लाकूड. त्यामुळे 'साग आहे का?' यापेक्षा 'गाभा किती आहे?' हा प्रश्न विचारणे शहाणपणाचे.

आमच्या घरात साग निघाला तो फक्त दर्शनी भागात: दोन खांब, दिंडीची चौकट आणि माजघराची एक तुळई. त्या काळीही साग महाग असणार आणि लोकांच्या नजरेस पडेल तिथेच तो वापरला जात असणार. बाकीचा भार वाहिला होता तो ऐनाने आणि किंजळाने, आणि माझी खरी परीक्षा तिथेच झाली.

ऐन आणि किंजळ ही दोन्ही झाडे अर्जुन, हिरडा आणि बेहडा यांच्याच कुळातली आणि गोतातली. उभ्या झाडात त्यांच्याविषयी गोंधळ होण्याचे कारण नाही. ऐनाची साल काळपट, खोल भेगांनी चौकोनी खवल्यांत चिरलेली असते. सुसरीची पाठ म्हणतात ती उपमा अगदी बरोबर आहे. जाड सालीमुळे वणव्यातही ऐन टिकतो, म्हणून वणवा लागून गेलेल्या डोंगरउतारावर काळे पडूनही पुन्हा पालवणारे झाड बहुधा हेच असते. पान उलटून पाहिले तर देठाजवळ मधल्या शिरेच्या बाजूला चामखिळीसारख्या दोन ग्रंथी दिसतात. फळाला पाच रुंद पंख असतात. काही ऐनांच्या खोडात पाणी साठते आणि उन्हाळ्यात खोडाला टोचा मारला की ते वाहू लागते, हे जंगलात राहणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. अर्जुनाच्या फळालाही पाचच पंख, पण तो ओढ्या-नदीच्या काठाला राहतो आणि त्याची साल पांढुरकी, गुळगुळीत असते. एकाच घरातले दोन भाऊ, एक काळा खडबडीत आणि एक गोरा नितळ. किंजळाच्या फळाला एक पंख मोठा आणि दोन लहान असतात, पण त्याची ओळख दुरूनही पटते. पावसाळा सरताना त्याला फुलोरा येतो आणि पुढे फळांनी सगळा माथा तांबूस, गंजल्यासारखा होतो. कार्तिकात कोयनेच्या जलाशयापलीकडच्या डोंगराकडे पाहिले तर हिरव्यात मधूनमधून पडलेले हे तांबडे ठिपके मोजता येतात.

इतके सगळे ठाऊक असूनही एकाच मापाच्या दोन तुळया माझ्यासमोर ठेवून तात्यांनी "यातला ऐन कंचा?" असे विचारले तेव्हा मी बोट दाखवले ते किंजळाकडे. ऐनाचे लाकूड गडद तपकिरी, त्यात काळपट रेघा. किंजळाचे राखी छटेचे तपकिरी. पण धूर, तेल आणि वर्षे यांनी दोघांचे रंग जवळजवळ एक केले होते. भिंगाखाली दोघांतही विखुरलेली छिद्रे आणि प्रत्येक छिद्राभोवती फिकट डोळ्यासारखे कडे दिसते, त्यामुळे भिंगानेही मला फारशी साथ दिली नाही. तात्यांनी मात्र वाकस चालवून निकाल दिला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ऐनाला तासताना हत्यार उडते आणि किंजळाला ते चिकटून चालते. हा निकष कोणत्याही पुस्तकात मी वाचलेला नाही आणि मला तो अजून हाताला जाणवत नाही. पण त्यांनी वेगळ्या काढलेल्या दोन्ही गठ्ठ्यांतले तुकडे मी नंतर रंधून, ताज्या पृष्ठभागावर शेजारी शेजारी ठेवले तेव्हा रंगातला फरक उघड दिसला. व्यवहारात या दोघांना वेगळे काढण्याची गरज सुताराला फारशी पडत नाही, हेही खरे. दोन्ही तुळईला आणि वाशाला चालतात, दोन्ही जड आहेत, आणि दोन्ही नीट न वाळवता चिरली तर वाकतात आणि फुटतात.

शिसवाची गोष्ट वेगळी आहे. घरात त्याची एकच वस्तू होती, आजीची पेटी. जांभळट तपकिरी रंग, त्यात काळ्या रेघा, आणि उचलताना हाताला बसलेला झटका. कोरडे सागवान घनफुटाला सुमारे १८ किलो भरते, तर शिसव सुमारे २४ किलो. शिवणाचे लाकूड १४ किलोच्या आतबाहेर असते. म्हणून वजन ही लाकडाची पहिली साक्ष, आणि ती द्यायला भिंगही लागत नाही. उभे झाड शोधायचे तर गोलसर, टोकाशी किंचित खाच असलेल्या पाच ते सात पर्णिका एकाआड एक लागलेले संयुक्त पान पाहावे, आणि दोन्ही टोकांना निमुळत्या, पातळ, चपट्या शेंगा पाहाव्यात. बाजारात 'शिसम' म्हणून जे विकले जाते ते बहुतेक वेळा उत्तरेकडचा शिशू असतो. त्याच्या पर्णिका तीन ते पाच आणि टोकदार, आणि लाकूड सोनेरी तपकिरी. तेही लाकूड उत्तम आहे, फक्त ते शिसव नव्हे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका दुकानातून 'अस्सल शिसवी' पाट विकत आणला होता आणि पहिल्याच ओल्या फडक्याबरोबर त्याचा काळा रंग फडक्यावर उतरला. आत काय होते ते तात्यांनी या वेळी सांगितले: आंबा. दोष माझाच म्हणायचा, कारण तो पाट मी एका हाताने सहज उचलून आणला होता आणि तेव्हाच मला शंका यायला हवी होती. शिसव जंगलात आता विरळ झाला आहे. त्याच्या गोतातल्या जवळजवळ सगळ्याच झाडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून साइटीस या, धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली आला आहे, आणि जुनी शिसवी वस्तू घरात असेल तर ती रंधून नवी करण्याच्या मोहात न पडता तशीच जपावी असे माझे मत आहे.

माझे आजोळ दहिवडीकडचे. पाटणहून तिकडे गेले की एकाच जिल्ह्यातली दोन वेगळी राज्ये पाहिल्यासारखे वाटते, कारण माण-खटावच्या कोरड्या माळावर ऐन-किंजळाची सत्ता संपते आणि बाभळीची सुरू होते. बाभूळ ओळखायला पांढरे, जोडीने आलेले काटे, पिवळ्या सुगंधी गेंदांची फुले आणि मण्यांच्या माळेसारखी मधे मधे आवळलेली करडी शेंग एवढे पुरे. वेड्या बाभळीशी तिची गल्लत करू नये. ती अमेरिकेतून आलेली आहे आणि तिच्या पिवळसर शेंगेला असे मणी नसतात. माझे आजोबा नांगर, कुळव आणि बैलगाडीची चाके बाभळीचीच करून घेत. चाकाचा तुंबा, त्यात बसणारे आरे आणि आऱ्यांवरचे पाटे यांना गाडीच्या ओझ्याखाली फुटायचे नसते आणि झिजायचेही नसते, आणि माळावर सहज मिळणाऱ्या झाडांत ही दोन्ही कामे बाभळीइतकी कोणी करत नाही. आसाला धावडा पसंत करत, कारण तो चिवट. गाडीच्या दांडीला तिवस मिळाला तर उत्तमच. तिवसाला काळा पळसही म्हणतात, कारण त्याचे पान पळसासारखेच तीन पर्णिकांचे असते. जू मात्र बैलाच्या मानेवर बसायचे, त्यामुळे त्याला हलके लाकूड शोधायचे. एका गाडीत अशी चार-पाच झाडे एकत्र नांदत, आणि गाडी पाहून ती कोणत्या मुलखातली हे जाणते लोक सांगत.

बाभळीची एक खोड आहे आणि तिच्यावरचा उपायही आजोळीच पाहिला. तोडलेल्या बाभळीच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडात पिष्ट भरपूर असते आणि त्यावर जगणारा बारीक भुंगा त्याचे पीठ पाडतो. घरातल्या लाकडाखाली सकाळी जी पिवळसर भुकटी सांडलेली दिसते, ती त्याचीच. आजोबा ओंडके तोडून आणले की थेट डोहात टाकत आणि वर दगड ठेवत. काही महिने ते तसेच पाण्यात राहत, डोहाला घाण वास येई आणि आजी रोज तक्रार करी. पाण्यात ते पिष्ट कुजून निघून जाते आणि भुंग्याला खायला काही उरत नाही, हे कारण मला फार पुढे, शिकल्यावर कळले. आजोबांना ते कारण नको होते, परिणाम पुरेसा होता. पाण्यातून काढल्यावर ओंडका सावलीत वाळवायचा. फळी जितके इंच जाड तितकी वर्षे, हा सुतारांचा ढोबळ हिशोब आहे आणि हल्ली तो पाळायला कोणालाही सवड नाही. ओल्या लाकडाच्या चाकावर लोखंडी धाव चढवली तर चैत्रात लाकूड आकसते आणि धाव सैल होऊन निघू पाहते. मग गाडीवान चाके ओढ्याच्या पाण्यात उभी करून रात्रभर भिजवतो. लहानपणी तो आम्हाला खेळ वाटे.

हत्यारांच्या दांड्यांचे शास्त्र यापेक्षा सूक्ष्म आहे. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपण माणसांच्या संदर्भात वापरतो, पण दांडा नेमका कोणत्या गोतातला असावा याबाबत तात्यांचे मत पक्के आहे: धामण किंवा धावडा. घाव बसल्यावर येणारा हादरा लाकडाने स्वतः वाकून पचवला पाहिजे, नाहीतर तो मनगटात उतरतो. धामण लवचिक आहे, एकेकाळी धनुष्ये तिचीच करत. तिचे पान फांदीवरून तोडून पाहिले तर देठाकडची बाजू तिरकी, म्हणजे एक अर्धा दुसऱ्यापेक्षा मोठा, अशी असते. धावडा हिवाळ्यात ओळखावा: साल राखट पांढरी, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी, आणि पाने गळण्यापूर्वी तांब्यासारखी लाल. बाळंतिणीच्या लाडवांत घातला जाणारा डिंक धावड्याचाही असतो, हे सांगितले की माझ्या विद्यार्थिनींना हे झाड पुन्हा विसरत नाही. तात्यांचा स्वतःचा वाकस धामणीच्या दांड्याचा आहे आणि त्यांच्या वडिलांपासून तोच आहे. दांडा दोनदा आणि पाते एकदा बदलले आहे, हे त्यांनी हसत सांगितले.

पाण्याशी संबंध आला की जांभूळ. विहीर बांधताना तळाशी जांभळाचे लाकूड घालण्याची रीत पुष्कळ ठिकाणी होती, कारण सतत पाण्याखाली राहिलेले जांभूळ कुजत नाही. उंबरही पाण्यात टिकतो. पण दत्ताचे झाड म्हणून त्याला हात लावायला लोक धजत नाहीत आणि ते बरेच आहे. आमच्या मागच्या आडाची डागडुजी करताना तळातून निघालेला फळीचा तुकडा तात्यांनी जपून ठेवला होता. काळा ठिक्कर पडला होता, पण पटाशी लावल्यावर आतून लालसर राखी, घट्ट आणि उलटसुलट धाग्यांचे लाकूड निघाले. महाबळेश्वरच्या माथ्यावर हेच जांभूळ बुटके आणि वाकडे होते, आणि त्याच्या बरोबरीने अंजनी असते. निळ्या फुलांचे गुच्छ खोडाफांद्यांना चिकटून येतात, ती ही अंजनी. तिचा खानदेशातल्या अंजनाशी काही संबंध नाही. अंजनाला खुरासारखी जोडपाने असतात आणि त्याच्या गाभ्याचे लाकूड पाण्यात टाकले तर बुडते.

नावांचा हा घोळ इथेच संपत नाही आणि झाडे शिकवताना माझा निम्मा वेळ त्यातच जातो. शिवण, शिसव आणि सावर ही तीन नावे ऐकायला जवळची आणि लाकडे तीन टोकांची: पहिले हलके पण स्थिर, दुसरे जड आणि मौल्यवान, तिसरे काडेपेटीच्या कामाचे. बिबळा आणि बिब्बा यांत तर दुखापत होण्याइतका फरक आहे, कारण बिब्ब्याचे तेल अंगावर उठते. असाणा हे नाव काही ठिकाणी बिबळ्याला आणि काही ठिकाणी पूर्ण वेगळ्या झाडाला देतात. म्हणून कोणी नुसते नाव सांगितले की मी फळ दाखवायला सांगते. बिबळ्याचे फळ विसरण्यासारखे नाही: मधे बी आणि भोवती गोल पातळ पंख, रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षा थोडे मोठे. सालीला इजा झाली की रक्तासारखा लाल डिंक पाझरतो. याच्या लाकडाचा पेला करून त्यात रात्रभर ठेवलेले पाणी सकाळी पिवळसर तपकिरी होते आणि उन्हात धरले तर त्यात निळसर झाक दिसते. ही लाकूड ओळखण्याची सर्वांत सुंदर चाचणी आहे, आणि त्याला पेलाच हवा असे नाही, ग्लासभर पाण्यात चार ढलप्या टाकल्या तरी ती होते. मधुमेहावर म्हणून हे पेले विकले जातात. त्याच्या भरवशावर कोणी डॉक्टरांच्या गोळ्या सोडू नयेत, एवढेच मी म्हणेन.

घरातल्या बारक्या वस्तूंचा निवाडा लवकर झाला. मुसळ खैराचे निघाले, आतून विटकरी लाल आणि दगडासारखे. त्याच गाभ्यापासून कात काढतात. आईची फणी हेदाची, एकसारखी पिवळी, इतक्या बारीक पोताची की दाते चिरताना तुटत नाहीत. हेदाचे झाड हृदयाकृती समोरासमोरच्या पानांवरून आणि पिवळ्या गोल चेंडूंसारख्या फुलांवरून कळते. भाकरीची काठवट मी आंब्याची समजत होते. ती शिवणाची निघाली. फिकट पिवळी, वजनाला हलकी, आणि साठ वर्षे रोज ओली होऊन रोज वाळूनही तिला तडा नाही की बाक नाही. शिवण आकसत नाही, वाकत नाही, म्हणूनच ढोलकीच्या खोडाला आणि कोरीव कामाला ती घेतात. काठवट मी कराडला घेऊन आले आहे आणि ती अजून वापरात आहे.

आकसू नये आणि वाकू नये ही अट सर्वांत कडक असते ती वाद्यांत, आणि ते पाहायला आपल्याला लांब जावे लागत नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी विद्यार्थ्यांना दोनदा नेले आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, हे पुष्कळांना माहीत असते, पण दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्यावर बसणारी लाकडी फळी, कोणत्या झाडाची, हे फार थोडे विचारतात. ते झाड म्हणजे तून, ज्याला आपल्याकडे कुरुक असेही म्हणतात. ते कडुनिंबाच्याच कुळातले आहे. पानही तसेच पिसासारखे, पण पर्णिकेची कड करवती नसते आणि फळ सुकल्यावर पाच पाकळ्यांच्या लाकडी फुलासारखे उलून त्यातून पंखांच्या बिया उडतात. लाकूड विटकरी, हलके आणि सुवासिक. आम्ही गेलो त्या कारखान्यातले बुजुर्ग कारागीर फळी घेण्यापूर्वी ती कानाजवळ धरून बोटाच्या पेराने टिचकी मारत आणि मान हलवत किंवा फळी बाजूला ठेवत. कशावरून ठरवता, असे मी विचारले. "आवाज बसलेला हाय का उठलेला, त्यावरनं," असे उत्तर मिळाले. घनता, ओलावा आणि धाग्यांची सरळता या तिन्ही गोष्टींचा त्या एका टिचकीत हिशोब होत असणार.

कुंभ्याविषयी दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण पाटणच्या डोंगरात तो सगळीकडे आहे आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही. जाड साल, हिवाळ्याअखेर लाल होणारी मोठी पाने आणि पेरूएवढे हिरवे फळ. त्याच्या सालीच्या धाग्यांचा तोडा, म्हणजे बार पेटवायची वात, वळून तो तोड्याच्या बंदुकीला लावत, कारण तो विझत नाही, संथपणे धुमसत राहतो. इथल्या गडकिल्ल्यांच्या वाटेवर भेटणाऱ्या प्रत्येक कुंभ्याकडे मी त्यामुळे आदराने पाहते.

घर उतरवल्यावर नव्या घराला थोडे लाकूड आपल्या रानातलेच घ्यावे, अशी एक सूचना भावकीतून आली, तेव्हा कायदा सांगण्याची पाळी माझ्यावर आली. झाडे तोडण्याचे नियमन करणारा महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा खासगी जमिनीतल्या झाडांनाही लागू आहे. साग, ऐन, किंजळ, हेद, तिवस, बिबळा, खैर, जांभूळ, हिरडा, मोह, आंबा, फणस आणि चिंच ही त्याच्या अनुसूचीत आहेत, म्हणजे झाड स्वतःच्या बांधावरचे असले तरी परवानगीशिवाय त्याला कुऱ्हाड लावता येत नाही. यादीत चिंच पाहून मला नेहमी गंमत वाटते. ती मुळात आफ्रिकेची. पण इतकी शतके इथे राहिली आणि घाण्यापासून खाटकाच्या ओंडक्यापर्यंत इतकी कामाला आली की तिला परकी म्हणायला कोणाची जीभ रेटणार नाही. शेवटी नव्या घराच्या चौकटी जुन्याच ऐनातून निघाल्या आणि ती सूचना तिथेच मिटली.

एक्केचाळीसपैकी चाळीस नगांवर खडूने नावे लिहून झाली. उरली ती गोठ्यावरची एक तुळई. फिकट तांबूस तपकिरी, मध्यम वजनाची. वास नाही, तेलकटपणा नाही. तात्यांनी दोनदा तासून पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. भिंगाखाली मोठ्या छिद्रांना जोडत जाणाऱ्या फिकट नागमोडी रेषा दिसत होत्या, आणि तशा रेषा मी तामणाच्या लाकडात पाहिल्या होत्या. पण इतक्या सरळ आणि लांब तुळईचा तामण आमच्या भागात मिळेल असे वाटेना. त्याच गोतातला नाणा मात्र घरामागच्या ओढ्याला आहे: उंच, सरळसोट, पांढुरकी गुळगुळीत साल कागदासारखी सुटणारी, सह्याद्रीबाहेर न आढळणारे झाड. मी तात्यांना तिथे घेऊन गेले. त्यांनी खोडावर हात फिरवला आणि बराच वेळ वर पाहत उभे राहिले. "माझा बा रानात जाऊन झाड निवडायचा," ते म्हणाले. "माझ्या येळंपासनं वखारीतनं माल यायला लागला. ह्यो उभा असलेला मी बघितलाय रोज, पण ह्यो कोण ते मला कुणी सांगितलंच नाय."

पावसाळ्यात मोडून पडलेली मनगटाएवढी एक फांदी झाडाखाली होती. तिचा तुकडा आम्ही घरी आणला. तात्यांनी तो रंधला, मी भिंग धरले. नागमोडी रेषा होत्या, रंग जरा फिका होता. फांदीचे कोवळे लाकूड जुन्या खोडाच्या गाभ्याशी तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे यावरून छातीठोकपणे बोलता येत नाही, हे मी त्यांना सांगितले. तात्यांनी खडू मागितला, तुळईवर 'नाणा' असे सावकाश लिहिले आणि खडू माझ्या हाती दिला. मी त्यापुढे प्रश्नचिन्ह काढले.